राणीची चोच

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी ना माझं शिक्षण विचारलं ना नोकरी. चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "बाळ, जरा हसून दाखव बघू." मी घाबरून हसले. त्यांनी टक लावून बघितलं आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक. वरचा एक सुळा जरा पुढे आलाय, पण चावा उत्तम आहे!" त्या चाव्याच्या जोरावर मी ह्या घरात आले, असं सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

सासरे कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर नव्हेत, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक हमखास तसं समजून त्यांच्यापुढे तोंड उघडतात आणि ते बिचारे दोन पावलं मागे सरतात. डॉक्टर बसायचे दवाखान्याच्या पुढच्या खोलीत, सासरे मागच्या. पुढून माप यायचं. माप म्हणजे गुलाबी लगद्यात उमटलेला कुणाचा तरी जबडा. त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायचा, मेणाची हिरडी करायची, तिच्यात एकेक दात बसवायचा आणि मग पक्की कवळी करून ती घासत बसायचं, आरशासारखी चमकेपर्यंत. खोलीला एकच खिडकी, तीही मागच्या गल्लीत उघडणारी. फळीवर दात विचकलेले पांढरे साचे ओळीने मांडलेले. प्लॅस्टरची धूळ इतकी उडायची की त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या. त्या खऱ्याखुऱ्या पिकल्या कधी, ते सासूबाईंना कळलंच नाही.

मागची खोली त्यांनी हौसेने निवडली नव्हती. तरुणपणी ते त्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागले. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एका गवंड्याची दाढ उपटली. गवंडी खुर्चीत ताठ बसून राहिला आणि सासरे जमिनीवर आडवे. शेवटी त्या गवंड्यानेच उठून, गालाला बोळा धरून, ह्यांच्या तोंडावर पाणी मारलं. ते शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "तू मागे बस रे. प्लॅस्टरला रक्त येत नाही." ते मागे जाऊन बसले ते थेट निवृत्त होईपर्यंत. सगळा जन्म दातांत गेला, पण जिवंत तोंडात त्यांनी कधी बोट घातलं नाही.

लग्नही त्यांचं कवळीनेच जमवलं. सासूबाईंच्या आईला आधीची कवळी टोचायची, बोलताना खाली पडायची. ह्यांनी नवी केली ती अशी बसली की म्हातारी वर्षानुवर्षांनी खळखळून हसली आणि घरी जाऊन म्हणाली, "मुलगा हाताचा हलका आहे." सासूबाई म्हणतात, "आईला दात मिळाले आणि मला हे. फायदा कुणाचा झाला ते विचारू नका."

मग दवाखान्यात नवं मशीन आलं. तोंडात नळीसारखा कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर जबडा दिसायचा आणि शेजारची पेटी घरघरत दात कोरून काढायची. सासऱ्यांनी एक दात हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बरं करतंय की!" त्यात खोच नव्हती. त्यांनी आपलं घासायचं छोटं मशीन फडक्यात गुंडाळलं, सगळ्यांचा निरोप घेतला आणि घरी आले.

घरी मात्र हाल सुरू झाले. त्यांचे नव्हेत, आमचे. हाताला चाळा हवा म्हणून ते दिसेल ते घासू लागले. चमच्यांच्या कडा गोल झाल्या. माझ्या कंगव्याचे दात इतके गुळगुळीत झाले की केसांतून नुसता घसरायचा. एकदा त्यांनी घराच्या किल्ल्या चकचकीत केल्या, आणि बाजारातून परतलेलो आम्ही सगळे बंद दाराबाहेर उभे! किल्ली कुलपात जाते, फिरते, पण उघडत काही नाही. नवऱ्याने खिडकीचा गज वाकवून आत उडी मारली. सासूबाई पिशव्या घेऊन पायरीवर बसल्या आणि आकाशाकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना कुणीतरी एखादं तोंड आणून द्या हो. नाहीतर हे माझं धरतील."

तोंड सापडलं ते माझ्यामुळे.

मी मत्स्यालयाच्या तिकीट-खिडकीत बसते. आमच्याकडे सगळ्यात मोठ्या टाकीत एक पोपटमासा आहे, हातभर लांबीचा, हिरवा-निळा, गालावर गुलाबी रेघा. चोच अगदी पोपटासारखी, म्हणून हे नाव. त्याला सगळे राणी म्हणतात, आणि इथे लोक नेहमी गोंधळतात, कारण आता तो नर आहे. आला तेव्हा मादी होती, विटकरी-तपकिरी, साधीसुधी. ह्या माशांत पुष्कळांचं असंच असतं. आधी मादी असतात, पुढे वेळ आली की नर होतात आणि मग हा सगळा भपकेबाज रंग चढतो. रंग बदलला, पण नाव तोवर सगळ्यांच्या तोंडात बसलं होतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "म्हणजे आधी सगळं घर सांभाळायचं आणि मग नटायचं. उलटं असतं तर बरं झालं असतं."

प्राण्यांची डॉक्टर रोज दुपारी माझ्या खिडकीमागे डबा खायला यायची, कारण पंखा तिथेच धड चालतो. हसतीखेळती मुलगी. पण त्या आठवड्यात डबा नुसता चिवडत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"राणी जेवत नाहीये. म्हणजे जेवायला येते, पण तिला जमत नाही. चोच नको तेवढी वाढलीये. वरची खाली वाकून आलीये आकड्यासारखी. पान धरायला जाते आणि ते निसटतं."

"मग कापायची ना. नखं कापतो तशी."

"कापायचीच आहे. मागे एका फुग्या माशाची कापली होती मी, चिमट्याने. तो दात साधा होता. ही चोच म्हणजे शेकडो बारीक दात एकमेकांना चिकटून झालेली भिंत आहे, आपल्या दातांपेक्षा कठीण. चिमट्याने दाबली आणि उभी चिरली तर? आणि नुसती आखूड करूनही भागत नाही. वरची आणि खालची एकमेकींवर बसायला हवी. भूल मी देईन, मासा मी सांभाळीन. पण चावा बसवणं मला कुणी शिकवलेलं नाही."

"चावा" हा शब्द ऐकला आणि मी हातातली तिकिटं खाली ठेवली.

घरी हे सांगितलं तर सासऱ्यांनी आधी एकच विचारलं, "जिवंत आहे?"

"हो, बाबा."

"मग मला नको."

एवढं म्हणून ते झोपायला गेले. पण सासूबाईंनी सकाळी त्यांचा धुतलेला सदरा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "करू नका काही. नुसतं बघून या. तेवढा वेळ माझे चमचे वाचतील."

ते आले. टाकीपुढे मुलांची गर्दी होती, तिच्यामागे उभे राहिले. राणी पानाच्या जुडीकडे आली, चोच उघडली, चावली, पान तसंच राहिलं. पुन्हा चावली. पुन्हा तसंच. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि हळूहळू मुलांना बाजूला सारत काचेला नाक लावलं. मी खिडकीवर परत गेले. बऱ्याच वेळाने डोकावले तर ते तिथेच, आणि डॉक्टर त्यांच्या शेजारी.

"खालची डावीकडे सरकलीये," ते सांगत होते. "वरची अडवते म्हणून. अशा चाव्याने माणूससुद्धा पातळच खातो. पण इतकी वाढलीच कशी?"

"ती वाढतच राहते, काका. जन्मभर. मागून नवे दात येत राहतात आणि पुढचे झिजतात. समुद्रात ही दिवसभर दगड खरवडते."

"दगड? दगडात काय खायचंय?"

"शेवाळ. मेलेल्या प्रवाळावर बारीक शेवाळाचा थर चढतो, तो ही चोचीने खरवडून काढते, खाली थोडा दगडही निघतो. घशात आणखी दात आहेत, जात्यासारखे. तिथे सगळं दळलं जातं. शेवाळ पोटात राहतं आणि दगडाची वाळू होऊन मागून बाहेर. काही बेटांवर पांढरीशुभ्र वाळू असते ना, तिच्यातली बरीचशी ह्यांच्या पोटातून आलेली असते."

सासऱ्यांनी राणीकडे नव्या आदराने पाहिलं. "म्हणजे दिवसभर घासायचं आणि धूळ पाडायची," ते म्हणाले. "आणि इथे काय देता तिला?"

"मऊ पानं आणि गोळ्या. आणि हे प्रवाळ जे दिसतंय ते खोटं आहे, प्लॅस्टिकसारखं. त्याच्यावर ती चोच लावतच नाही."

"मग झिजणार कशी!" ते जवळजवळ ओरडले. दोन मुलं दचकून आईकडे पळाली.

तिथेच ठरल्यासारखं झालं, तरी त्यांनी अट घातलीच. माप घेतल्याशिवाय ते हत्यार लावणार नव्हते. "आधी साचा करतो. साच्यावर चार वेळा घासून बघतो. मग तिला हात लावतो. चूक करायची तर प्लॅस्टरवर करावी."

डॉक्टरला हे फार आवडलं. जुन्या दवाखान्यातून सासऱ्यांनी माप घ्यायची पावडर आणली. ती पाण्यात कालवली की घट्ट लगदा होतो. डॉक्टर पावडरच्या डब्यावरचा मजकूर वाचत होती. "काका, ही पावडर कशापासून करतात माहितीये? समुद्री शेवाळापासून."

"काय सांगता! म्हणजे तिच्या तोंडात जेवणच घालायचं की!"

मापाच्या दिवशी मी रजा टाकून मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत हजर होते. कारण उघड होतं. कुणीतरी सासऱ्यांना धरायला हवं होतं. डॉक्टरने त्यांच्या मागे न बोलता एक खुर्ची आणून ठेवली होती. आमची पाणबुडी, म्हणजे टाक्यांत उतरून साफसफाई करणारी धिप्पाड बाई, तिला सगळे पाणबुडीच म्हणतात, तिने राणीला भुलीच्या पाण्याच्या टबात आणलं. राणी आधी इकडेतिकडे फिरली, मग झोकांड्या खाऊ लागली, मग शांत झाली. तिला ओल्या स्पंजवर आडवं ठेवलं, तोंडाच्या कोपऱ्यातून नळी घालून कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवलं. सासरे भिंतीसारखे पांढरे पडले होते.

"रक्त येईल?" त्यांनी विचारलं.

"मापाला कशाला येईल? आणि कधी आलंच तर ते माझं काम. तुम्ही दातांकडे बघा."

ते पुढे झाले. लगदा चोचीवर दाबला आणि दुसरा हात नकळत तिच्या गालाखाली गेला, आधाराला. मग त्यांनी एकदम मान वर केली. "गार आहे," ते आश्चर्याने म्हणाले. "आणि मऊ." इतकी वर्षं दातांमागे काय असतं हे त्यांनी कधी हाताने पाहिलंच नव्हतं. लगदा घट्ट होईपर्यंत ते तिच्याशी काहीबाही बोलत राहिले, आणि खुर्ची रिकामीच राहिली.

मग आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर माशाचे जबडे. त्यांनी एका मापावरून पुरे अर्धा डझन साचे काढले. पहिल्याची चोच जास्त कापली गेली. दुसऱ्याची बसली, पण तिरकी. सासूबाई ताटं मांडताना जबडे एका बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "ह्या बाई आज जेवायला आहेत का?" शेवटचा साचा झाला तेव्हा सासऱ्यांनी वरची चोच खालचीवर टेकवून उजेडासमोर धरली. फटीतून उजेडाची रेघही येत नव्हती. साचा त्यांनी ताटाशेजारी ठेवला. त्या दिवशी दुप्पट जेवले.

खरं काम झालं तेव्हा मी खुर्चीची पाठ धरूनच उभी होते. डॉक्टर कल्ल्यांकडे बघत होती, पाणबुडी पाण्याची नळी धरून होती, आणि सासरे आपलं छोटं मशीन घेऊन वाकले होते. टोकाला हिऱ्याची पूड बसवलेली बारीक सुई. ती चोचीला लागली की किर्रर्र आवाज व्हायचा आणि पांढरी धूळ उडायची. थोडं घासायचं, पाणी मारायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा घासायचं. डॉक्टर मधेच "थांबा" म्हणायची, नळीतून पाणी नीट खेळू द्यायची, मग "चला" म्हणायची. दोघं जन्मभर एकत्र काम करत असल्यासारखी.

आणि नेमकं तेव्हाच राणीच्या ओठाला जरासं खरचटलं. लाल धाग्यासारखी एक रेघ पाण्याबरोबर स्पंजवर उतरली.

मशीन थांबलं. मी खुर्ची पुढे ढकलली. सासऱ्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले.

"काका," डॉक्टर शांतपणे म्हणाली आणि ओठावर कापसाचा बोळा धरला, "हे माझं. तुमचं तुमच्याकडे."

त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं. मग रक्ताच्या बाजूचा डोळा घट्ट मिटून घेतला, आणि उरलेल्या एका डोळ्याने काम पुरं केलं! शेवटी चोच मिटून बघितली, खालची वरचीला टेकली, आणि ते म्हणाले, "बसली." मग ते स्वतः बसले. खुर्चीचा उपयोग झाला तो असा.

राणी शुद्धीवर आली, टाकीत गेली, ऐटीत एक फेरी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती काही खाईना.

एक दिवस गेला, दुसरा गेला. पानांची जुडी समोर, राणी येते, बघते, निघून जाते. सासरे रोज सकाळी माझ्याबरोबर यायचे, काचेपुढे उभे राहायचे आणि उतरल्या तोंडाने घरी जायचे. "उंची जास्त घेतली मी," म्हणायचे. "दुखत असेल तिला. नवी कवळी पहिले काही दिवस कुणालाच आवडत नाही, पण माणूस येऊन शिव्या तरी देतो. ही बिचारी काय सांगणार?" सासूबाई टोमणे मारायच्या थांबल्या, ह्यावरून सासऱ्यांचा जीव किती खालीवर होत होता ते ओळखा. एकदा तर सासूबाईंनी आपणहून एक चमचा सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी घासला नाही.

डॉक्टरने पुन्हा तोंड तपासलं. जखम भरली होती, चावा ठीक होता. "तिला दुखत नाहीये, काका," ती म्हणाली. "इतके दिवस पान निसटतच होतं. आता तिने त्याचा नाद सोडलाय बहुतेक."

कोडं सुटलं ते पाणबुडीच्या आळसामुळे, हे ती स्वतः कबूल करते. मत्स्यालयाच्या मागे, उघड्यावर, पाणी गाळायची एक हौदी आहे. तिच्यात चुनखडीचे दगड पडलेले. त्यांच्यावर ऊन लागून शेवाळ माजलं होतं आणि ते घासून काढायचं काम पाणबुडी कित्येक दिवस उद्यावर ढकलत होती. त्या दिवशी खोट्या प्रवाळाचा एक तुकडा डुगडुगत होता. खाली टेकू द्यायला तिने हौदीतला एक दगड उचलला आणि न घासताच घेऊन टाकीत उतरली. "म्हटलं, कोण बघतंय!"

राणी बघत होती. पाणबुडीने दगड टेकवायच्या आधीच ती बाणासारखी आली, आडवी झाली आणि चोच चालवली. करर्र! दगडावर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या, एक वरच्या चोचीची, एक खालच्या, शेजारी शेजारी. पाणबुडीच्या हातात दगड तसाच, आणि राणी पुन्हा वळून आली. करर्र! पाणबुडी म्हणते, पाण्याखाली तो आवाज कुणीतरी कानाशी बर्फ चावावा तसा येतो. थोड्या वेळाने राणी जरा पुढे गेली आणि तिच्यामागून पांढऱ्या वाळूचा झुपका धुरासारखा खाली उतरला.

मी खिडकी बंद करून धावले. सासरे काचेला दोन्ही तळवे लावून उभे होते. "रेघा बघ," ते मला म्हणाले. बोटाने काचेवर त्या दाखवल्या. "दोन्ही सारख्या खोल. बघ, दोन्ही सारख्या."

आता रोज शेवाळ लागणार होतं. एका दगडावरचं राणीने दुपारपर्यंत साफ केलं आणि दुसरा मागायला काचेशी आली. डॉक्टर, पाणबुडी आणि सासरे यांनी मत्स्यालयाच्या गच्चीवर टब मांडले, खारं पाणी भरलं, चुनखडीचे दगड ठेवले. पण शेवाळ येईना. पाणी हिरवं व्हायचं, दगड गोरेचे गोरेच.

हे ऐकून सासूबाई हसायलाच लागल्या. "सगळा जन्म मी शेवाळाशी भांडण्यात घालवला. मोरीत, पायरीवर, टाकीच्या झाकणाखाली. नको तिथे कसं फोफावतं ते! आणि तुम्हा तिघांना हवं तिथे येत नाही?"

"मग तूच ये की," सासरे म्हणाले.

"येतेच."

त्या आल्या, कमरेवर हात ठेवून गच्चीभर फिरल्या. "एवढ्या खोल पाण्यात बुडवून कसं येईल? वितभर पाणी ठेवा. ऊन थेट दगडावर पडू दे. आणि पाणी थांबलेलं नको, वाहतं हवं. आमच्या नळाखाली ठिबकतं ना, तिथे सगळ्यात चिवट येतं."

"गोड्या पाण्यातलं शेवाळ वेगळं असतं, काकू," डॉक्टर म्हणाली, "पण वाढायची तऱ्हा तीच. बरोबर आहे तुमचं. खऱ्या प्रवाळावरही उथळ, उन्हाच्या, लाटांच्या जागीच ते भरभर वाढतं. म्हणून तर राणीसारखे मासे लागतात तिथे. ते चरले नाहीत तर शेवाळ सगळं झाकून टाकेल, आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला कोरी जागाच उरणार नाही. तुम्ही पायरी घासता ना, तसे हे मासे समुद्राचा तळ घासतात."

"आणि त्यांना मदतीला कुणी येतं का?" सासूबाईंनी नवऱ्याकडे बघत विचारलं. "की तिथेही नर नुसते रंग दाखवत फिरतात?"

"नर-माद्या सगळे घासतात, काकू."

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे टब उथळ केले, पाइपला बारीक भोकं पाडून पाणी ठिबकतं ठेवलं. थोड्याच दिवसांत दगडांवर मखमलीसारखी हिरवट-तपकिरी लव आली. आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंनी शेवाळावरून बोट फिरवलं आणि खुशीने म्हणाल्या, "छान धरलंय हो!" तेव्हापासून त्या गच्चीच्या मालकीणच झाल्या. कुठला दगड तयार, कुठला अजून कोवळा, त्या ठरवतात. पाणबुडी घाईने कोवळा दगड उचलायला गेली तर तिच्यासारख्या धिप्पाड बाईला त्या हातावर चापटी मारतात.

राणीची चोच मग पुन्हा वाढली नाही. म्हणजे वाढते, पण तेवढीच झिजते. सासरे अधूनमधून काचेबाहेरून तपासणी करतात आणि त्यांच्या मशीनची गरज नाही म्हणून खूश होतात. रिकामे मात्र राहिले नाहीत. एका कासवाच्या ओठाची कड फुटली होती, ती त्यांनी डॉक्टरबरोबर घासून सारखी केली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. आणि शाळेच्या सहली आल्या की राणीच्या टाकीपुढे उभे राहून ते मुलांना सांगतात की हा मासा झोपताना अंगाभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणतो आणि सकाळी ती फाडून बाहेर येतो. मुलं "ईऽऽ" करतात. सासरे म्हणतात, "ईऽऽ काय? तुम्ही पांघरूण घेत नाही?"

गेल्या वर्षी मत्स्यालयाची सगळी मंडळी बोटीने खऱ्या प्रवाळावर गेली. सासऱ्यांना पोहता येत नाही, सासूबाईंनाही नाही. दोघांना फुगवलेली जाकिटं घातली, पाणबुडीने एकेका हाताने एकेकाला धरलं, आणि शिडीपाशी पाण्यात तोंड बुडवायला लावलं. पाण्यात बघायचा चष्मा दोघांत एकच होता. आधी सासऱ्यांनी लावला. पाठ हलेना, पाय हलेना, नुसते तरंगत राहिले. वर आले तेव्हा पाणी थुंकत म्हणाले, "अगं, एक नाही, अख्खा कळप आहे! सगळे मिळून चरताहेत, गायींसारखे. आणि आवाज! सगळीकडून करर्र, करर्र!"

"द्या इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला आणि मान खाली घातली. आम्ही बोटीवरून बघत होतो. लाटेबरोबर त्यांचं नारिंगी जाकीट वर-खाली होत होतं. सासरे शेजारी शिडी धरून ताटकळत होते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच खांद्याला बोट लावलं. मान हलली नाही. आणखी थोड्या वेळाने पुन्हा लावलं. पाण्याखालून एक हात वर आला आणि त्यांचं बोट बाजूला सारलं.

"अगं, आता माझी पाळी!"

बोटवाल्याने निघायची शिट्टी मारली, तरी त्या वर यायला तयार नव्हत्या. शेवटी पाणबुडीने त्यांना कडेवर घेतल्यासारखं उचलून बोटीत ठेवलं. केस चिकटलेले, नाकावर चष्म्याचा वळ, आणि चेहरा असा फुललेला की मी सुनेच्या नात्याने इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. सासऱ्यांनी त्यांना टॉवेल दिला. त्यांनी तो घेतला, पण चष्मा काही हातातून सोडला नाही. परतीच्या वाटेवर दोघं तो मधे धरून बसले होते आणि कळपातला सगळ्यात मोठा मासा निळा होता की हिरवा, ह्यावर किनारा येईपर्यंत भांडत होते.